मदत हवी आहे : रोलर कोस्टरच्या व्हिडिओत 'पोटात गोळा' कसा उतरवावा?

नमस्कार.

मी कोल्हापूरची असून गेली अडीच वर्षे मनोरंजन उद्यानांच्या सहलींचे आणि तिथल्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ मराठीतून बनवते आहे. हे काम पूर्णपणे हौसेचे आहे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने केलेले. माझे बरेचसे प्रेक्षक कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लज, निपाणी या भागातले आहेत. त्यांनी जत्रेतला आकाशपाळणा, ब्रेकडान्स आणि ड्रॅगन पाहिलेला असतो, पण मोठ्या रोलर कोस्टरवर बसण्याचा योग बहुतेकांना आलेला नसतो आणि अनेकांना तो पुढेही येणार नाही. त्यांना घरबसल्या तो अनुभव जसाच्या तसा कळावा, एवढ्यासाठी माझी खटपट चालते आणि नेमके तेच मला अजून जमलेले नाही.

हा धागा काढण्यामागचे कारण माझे काका आहेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेपासून सीमाभागातल्या उरुसांपर्यंत त्यांनी बावीस वर्षे आकाशपाळणा चालवला. लोखंडी पाळणा उभा करणे, नटबोल्ट तपासणे, कोणत्या डब्यात किती माणसे बसवली म्हणजे तोल राहतो हे पाहणे, यात त्यांचा हातखंडा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. मोठ्या रोलर कोस्टरच्या प्रवेशाशी हृदयविकार असलेल्यांनी बसू नये अशी स्पष्ट सूचना असते, त्यामुळे त्यांच्यासाठी माझा व्हिडिओ हाच एक मार्ग उरतो. गेल्या महिन्यात मी त्यांना खोपोलीच्या इमॅजिकाचा व्हिडिओ मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर दाखवला. तो त्यांनी शेवटपर्यंत मन लावून पाहिला आणि मग म्हणाले, "लई सपाट दिसतंय बघ. सायकलवरनं पंचगंगेच्या घाटाला उतरल्यागत वाटतंय. पोटात गोळा कुठं आला?"

त्यांचे म्हणणे खरे आहे, हे मला तो व्हिडिओ पुन्हा पाहिल्यावर पटले.

इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि तिथला 'नायट्रो' हा कोस्टर बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेला आहे. तो 'फ्लोअरलेस' प्रकारचा आहे, म्हणजे गाडी फलाटावरून सुटण्याआधी पायाखालची फरशी बाजूला होते आणि आपले पाय रुळांवर मोकळे लोंबकळू लागतात. त्याची उंची सुमारे ४० मीटर आहे. शाळेत शिकलेल्या सूत्राने हिशेब केला, तर घर्षण सोडून दिल्यास ४० मीटर खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास भरतो आणि नायट्रोचा सांगितला जाणारा ताशी सुमारे १०५ किलोमीटरचा वेग त्याच्याशी चांगला जुळतो. मी स्वतः त्यावर दोनदा बसले आहे. दुसऱ्यांदा पुढच्या रांगेत जागा मिळाली, तेव्हा माथ्यावरून पुढे रूळच दिसेनासे झाले होते, फक्त खालची झाडे दिसत होती आणि माझे पाय त्या झाडांच्या वर होते. माझ्या व्हिडिओत यातले काहीही उतरलेले नाही.

माझ्या अडचणी आता नीट मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण उंचीची आहे. चालत्या कोस्टरवर फोन किंवा कॅमेरा हातात घेऊन बसू देत नाहीत आणि तो नियम मला पूर्ण मान्य आहे. सेकंदाला २८ मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून सुटलेला फोन खालच्या किंवा मागच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. त्यामुळे 'खिशात लपवून न्या' असा सल्ला कृपया कोणीही देऊ नये. मी जे चित्रण केले ते सगळे जमिनीवरून केलेले आहे. उताराच्या अगदी समोर उभी राहिले आणि पूर्ण कोस्टर एका चौकटीत मावावा म्हणून फोनची सर्वांत रुंद लेन्स वापरली. डोळ्यांना छाती दडपेल असा दिसणारा तो उतार पडद्यावर मात्र घसरगुंडीएवढा झाला. कुठे उभे राहावे, कोणती लेन्स वापरावी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी चित्रण करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

दुसरी अडचण आवाजाची आहे. या कंपनीच्या कोस्टरच्या रुळांखाली पोलादी पेटीसारखी चौकोनी पोकळ तुळई असते आणि गाडी त्यावरून जाताना ती घुमते, म्हणूनच त्यांचा आवाज लांबून येणाऱ्या मालगाडीसारखा वाटतो. काही उद्याने हा आवाज कमी करण्यासाठी त्या पोकळीत वाळू भरून घेतात. मला मात्र तो आवाज हवाच आहे, कारण तिथे उभे असताना तो कानांच्या आधी छातीत जाणवतो. माझ्या फोनने आधी वारा पकडला आणि मग खरा आवाज आला तेव्हा तो आपोआप दाबून टाकला. याशिवाय, पूर्वी दुसऱ्या एका उद्यानात केलेल्या व्हिडिओत तिथल्या भोंग्यांवर लागलेले गाणे मागे ऐकू येत होते, त्यावर हक्काचा दावा आला आणि चार मिनिटांचा आवाज मला काढून टाकावा लागला. गाणे वगळून फक्त यंत्राचा आवाज मिळवण्याची एखादी पद्धत आहे का?

तिसरा प्रश्न संगणकावरच्या प्रतिकृतीचा आहे. जगभरातले हौशी लोक 'नोलिमिट्स'सारख्या सिम्युलेटरमध्ये खऱ्या कोस्टरची प्रतिकृती उभारतात आणि पुढच्या आसनावरून दिसणारे दृश्य त्यातून तयार करतात. मी हे शिकायला सुरुवात केली आहे. रुळांचा वरून दिसणारा आकार उपग्रहचित्रावरून काढता येतो आणि खांबांची उंची सावलीवरून काढण्याचा माझा विचार आहे : मीटरभर काठीची सावली आणि खांबाची सावली एकाच वेळी मोजली की त्रैराशिकाने उंची मिळते. तरीही माझ्या प्रतिकृतीत प्रत्येक पिळाच्या ठिकाणी डोके विचित्रपणे बाजूला फेकले जाते. खऱ्या कोस्टरवर असे मुळीच होत नाही. माझे कुठे चुकते आहे?

शेवटचा प्रश्न शब्दांचा आहे. निवेदनात मी कोल्हापूरचे धागे मुद्दाम जोडते. उदाहरणार्थ, आपला न्यू पॅलेस १८८४ साली पूर्ण झाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांची 'स्विचबॅक रेल्वे' सुरू झाली, असे सांगितले की काळाचा अंदाज लोकांना चटकन येतो. पण 'लिफ्ट हिल', 'एअरटाइम', 'इन्व्हर्जन' (गाडी उलटी होते तो भाग) हे शब्द आले की आमच्या घरातली वडीलधारी माणसे गप्प होतात. 'लिफ्ट हिल'ला मी 'साखळीचा चढ' म्हणू लागले आहे आणि 'एअरटाइम'ला, म्हणजे अंग आसनावरून उचलले जाते त्या क्षणाला, सरळ 'गोळा' म्हणावे असे मला वाटते. हे शब्द आपल्याला कसे वाटतात?

प्रतिसाद १

ताई, उताराच्या समोर उभे राहिलात तिथेच उंची हरवली. समोरून पाहिले की उताराचा कोन दिसतच नाही, तो कोन फक्त बाजूने दिसतो. त्यामुळे रूळ डावीकडून उजवीकडे खाली येतील अशा काटकोनातल्या जागी उभे राहा, शक्य तितके लांब जा आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरा. रुंद लेन्स जवळचे मोठे आणि दूरचे बारीक करते, त्यामुळे उंच माथा नेमका लहान होतो. पूर्ण कोस्टर चौकटीत मावला पाहिजे हा हट्टही सोडा. चौकटीच्या खालच्या कडेला एखादे झाड किंवा रांगेतली माणसे पाठमोरी येऊ द्या, वर माथा अर्धवट कापला गेला तरी चालेल. माणसाच्या आकारावरून डोळा उंची आपोआप मोजतो.

वेगाबद्दल एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. भर उन्हात फोन शटरचा वेग, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/२००० सेकंदापर्यंत नेतो. तेवढ्या वेळात आपली २८ मीटर वेगाची गाडी जेमतेम दीड सेंटिमीटर सरकते, म्हणून प्रत्येक चौकटीत ती थिजल्यासारखी स्वच्छ दिसते. आत येणारा प्रकाश कमी करणारी काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सवर लावून शटर १/१०० वर आणले, तर तेवढ्यात ती २८ सेंटिमीटर सरकेल आणि कडा पुसट होतील. तो पुसटपणाच डोळ्यांना वेग म्हणून जाणवतो.

सिम्युलेटरमध्ये आपण बहुधा रुळाच्या मध्यरेषेभोवती पीळ दिला आहे. खऱ्या कोस्टरमध्ये पीळ बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवरच्या रेषेभोवती दिलेला असतो, म्हणजे रूळ माणसाभोवती फिरतो आणि माणूस जवळपास जागेवर राहतो. त्याला 'हार्टलाइन' म्हणतात. ती नीट बसवली की डोके फेकले जाणार नाही. आणि प्रतिकृती दाखवताना 'हे संगणकावर तयार केलेले दृश्य आहे' असे पडद्यावर पूर्ण वेळ लिहा, अशी विनंती आहे.

प्रतिसाद २

मी इचलकरंजीचा असून आपले व्हिडिओ नातवाबरोबर पाहतो. मला लेन्समधले काही कळत नाही, म्हणून प्रेक्षक या नात्याने एकच विचारतो. त्या इमॅजिकाच्या व्हिडिओत गाडी चढावर लागली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती खाली आली. प्रत्यक्षात ती चढायला इतका कमी वेळ घेते का?

'गोळा' हा शब्द मला फार आवडला. तोच ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद वाचून मी मूळ चित्रण पुन्हा उघडले. साखळीचा चढ प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ चालतो आणि मी तो कापून ४ सेकंदांवर आणला होता. सुरुवातीलाच संथ भाग आला की लोक व्हिडिओ सोडून जातात, असा माझा समज होता आणि त्या भीतीने मी सगळ्या व्हिडिओंत चढ असाच छाटत आले आहे.

ही गोष्ट मी काकांना सांगितली, तेव्हा त्यांनी आकाशपाळण्याचा दाखला दिला. त्यांच्या अनुभवाप्रमाणे माणसे बसवताना पाळणा थांबत थांबत वर जातो आणि वरच्या डब्यातली माणसे खालच्यांच्या बसण्याची वाट पाहत माथ्यावर अडकून राहतात, तेव्हाच सगळ्यांत जास्त ओरडा होतो. पाळणा वेगाने फिरू लागल्यावर तो उलट कमी होतो. "गोळा उतारावर येत न्हाई ग, उताराच्या आधी येतोय," असे ते म्हणाले. बावीस वर्षे खाली उभे राहून त्यांनी माणसांचे चेहरे पाहिलेले आहेत, म्हणून मला हे कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त मोलाचे वाटते.

काल रात्री तोच व्हिडिओ नव्याने जुळवला. चढ पूर्ण ठेवला, निवेदन काढून टाकले आणि मागे फक्त साखळीचा जेवढा मिळाला तेवढा आवाज राहू दिला. आज सकाळी काकांना दाखवला. ते कॉटवर बसून चहा घेत होते. गाडी माथ्याजवळ पोहोचली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि डाव्या हाताने कॉटची कड धरली. नंतर मात्र म्हणाले, "माथ्यापतूर बरोबर हाय. फुडं परत सपाट."

तेव्हा पुढच्या भागासाठी नव्याने चित्रण करणे भाग आहे. पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने पुन्हा खोपोलीला जाते आहे. सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास आहे, म्हणून या वेळी काही राहून जायला नको. बाजूने, लांबून, एनडी फिल्टर लावून चित्रण करायचे हे ठरले आहे. ट्रायपॉड उभा करायला लेखी परवानगी आधी मागवावी लागते की प्रवेशद्वारावर विचारून चालते, हे कोणाला प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक असेल तर कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे. आवाजाच्या प्रश्नाला अजून उत्तर आलेले नाही. वाऱ्यासाठी माइकवर लावायचे फरचे आवरण इथे कोल्हापुरात कोणत्या दुकानात मिळेल, एवढे जरी कोणी सांगितले तरी माझे मोठे काम होईल.