मदत हवी आहे: टँग माशाला मरीन इक (परजीवींमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) झालाय, कॉपर (तांब्याचं औषध) देऊ की सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) कमी करू?

मंडळी, माझ्या ब्लू टँगच्या अंगावर, परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत, सारखा दगडाला अंग घासतोय, पण खातोय नीट आणि श्वासही जोरात चालत नाहीये म्हणून व्हेल्व्हेट (माशांचा दुसरा परजीवी रोग) नसून इकच असावा असं वाटतंय. मेन टँकमध्ये कोरल आणि श्रिंप आहेत, तिथे कॉपर टाकणं शक्यच नाही, त्यामुळे सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवून मेन टँक 76 दिवस माशांविना ठेवणार आहे, म्हणजे मासे न मिळाल्याने तिथले परजीवी मरतील. ठिपके गळले म्हणजे रोग गेला असं नसतं, परजीवी तळाशी जाऊन वाढतात, म्हणून घाई करणार नाही.

टँगला कॉपर झेपेल का, की खारटपणा कमी करून स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारटपणा मोजायचं माप) 1.009 वर आणू? आणि छोट्या टाकीत अमोनिया कसा आटोक्यात ठेवता? प्लीज लवकर सांगा, फार जीव आहे त्याच्यावर.