मदत हवी आहे: बाबांच्या छातीवरचा वायरलेस मॉनिटर

नागपूरकरांनो, बाबा (वय ७१) धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये भरती आहेत. छातीवर हार्ट मॉनिटरची पट्टी चिकटवली आहे, ठोके सिस्टरांच्या स्क्रीनवर दिसतात. काल ते कॉरिडॉरच्या टोकापर्यंत फिरायला गेले आणि सिग्नलच तुटला. ब्लूटूथ साधारण १० मीटर पोचतं, मध्ये भिंती आल्या की त्याहून कमी, हे समजतं. पण तेवढ्यात ठोके बिघडले असते तर? सिग्नल गेल्याचा वेगळा अलार्म वाजायला हवा ना? त्यात मे महिना, घामाने पट्टी सुटते. उद्या एमआरआय आहे, त्याआधी ती काढणार. पुन्हा लावेपर्यंत लक्ष कोण ठेवतं? कुणी आयसीयूत काम करत असाल तर सांगा, सकाळी राउंडला डॉक्टरांना नेमकं काय विचारू? भाऊ पुण्याला, इथे मी एकटीच आहे.