चियांग माई: शाकाहारी आईला घेऊन चार दिवस. खायचं काय, फिरायचं कसं?

महालकर
दिवाळीनंतर आईला घेऊन उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला जाणार आहे. आईचं वय 66, गुडघे दुखतात. पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. मी सगळं खातो. तिला तिथले विहार बघायचे आहेत. तिच्या ताटात मासळी येणार नाही याची खात्री कशी करायची? आणि बँकॉकहून पुढे रेल्वे बरी की विमान?

तर्री_जास्त
दादा, 'व्हेज' या शब्दावर विसंबू नका. मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे व्हेज, असं बरेच ठेलेवाले धरतात आणि फिश सॉस मिठासारखा पडतोच. तुमचा शब्द 'जे'. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरं, इंग्रजी 17 लिहिल्यासारखी दिसतात. अशा ठिकाणी मांस, मासळी, अंडं, दूध यातलं काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. फक्त सोयाचे तुकडे हुबेहूब मांसासारखे दिसतात, आईंना आधीच सांगून ठेवा.

बाकी ठिकाणी 'माय साय नाम प्ला' (फिश सॉस नको), 'माय साय कापी' (कोळंबीची चटणी नको), 'माय साय खाय' (अंडं नको). थाई लिपीत लिहून मोबाईलवर दाखवलंत तर उत्तम, कारण उच्चार जरा चुकला की अर्थ बदलतो. सोम तम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, आईंसाठी टाळाच. सुकी कोळंबी नको म्हटलं तरी उखळ तेच असतं, आधीच्या गिऱ्हाइकाची कोळंबी त्यातच कुटलेली असते.

तिथली ओळख म्हणजे खाओ सोय: नारळाच्या दुधातली करी, त्यात नूडल्स, आणि तर्रीवर शेव टाकावी तशा वरून तळलेल्या कुरकुरीत नूडल्स. सोबत मोहरीच्या पाल्याचं लोणचं, छोटे कांदे, लिंबू. तुम्ही चिकनचा खा. आईंसाठी 'जे' दुकानातलाच, कारण नेहमीच्या नूडल्समध्ये अंडं असतं आणि मसाल्यात बहुधा कोळंबी.

नाम प्रिक नूम म्हणजे भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचाच. बघून आईंचा हात आपसूक जाईल, पण त्यातही बहुतेकदा फिश सॉस असतो. शेजारी कुरडईसारखं फुललेलं दिसतं ते डुकराचं कातडं.

बिनधास्त खाण्यासारखं: खानोम क्रोक. आप्पेपात्रात होतात, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध. आणि सावजीची सवय आहे म्हणून तिखटाची फुशारकी नको. सावजीचा मसाला हळूहळू चढतो, तिथली बोटभर मिरची पहिल्याच घासाला टोचते. 'फेत नित नोय' म्हणा, म्हणजे थोडंसंच तिखट.

वर्धारोड
त्याच दिवशी पुढे जायचं असेल तर विमान, सव्वा तास. पण तिकीट काढताना विमानतळ बघा: परदेशी विमानं बहुधा सुवर्णभूमीला उतरतात आणि स्वस्त देशी विमानं बरीचशी डॉन मुआंगहून सुटतात. मधलं अंतर शहर ओलांडून आहे, ट्रॅफिकमध्ये दोन तासही जातात. बँकॉकला रात्र काढणार असाल तर रेल्वे मस्त, साधारण 13 तास. आईंसाठी खालचा बर्थ घ्या, तो रुंद असतो आणि आधी संपतो. शाल जवळ ठेवा, एसी फार गार. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या मुख्य गाड्या बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवात स्टेशनातून सुटतात. जुन्या ब्लॉगांत हुआ लाम्फोंग हे आधीचं स्टेशन लिहिलेलं असतं, तिथे गेलात तर गाडी हुकली.

निघण्याआधी टीडीएसी हा ऑनलाईन फॉर्म पोचण्याच्या तीन दिवस आत भरा. फुकट आहे. पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा. व्हिसाचा नियम तिकिटाआधी थाई दूतावासाच्या साईटवर बघा.

गावात लाल सोंगथेव, आपल्या शेअर ऑटोसारखे. ठिकाण सांगा, ड्रायव्हरने मान हलवली की बसा. 'कितना?' विचारलंत की पूर्ण गाडीचा भाव सांगतात. उतरल्यावर खिडकीतून पैसे द्यायचे, सुटे ठेवा.

कामठीची_ताई
दोई सुथेपच्या डोंगरावरल्या मंदिराला 309 पायऱ्या आहेत, पण बाजूला लिफ्टगाडी आहे, आईंना तिनेच न्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बूट पटकन निघणारे. वात चेदी लुआंगचा भग्न स्तूप (1545 च्या भूकंपात वरचा भाग पडला) जरूर दाखवा. त्याच आवारातल्या नगरस्तंभाच्या मंदिरात मात्र बायकांना प्रवेश नाही, दारावर पाटी असते. भिक्खूंना बायकांनी हात लावायचा नाही. दान थेट हातात न देता समोरच्या कापडावर ठेवायचं. बसताना पाय बुद्धमूर्तीकडे नकोत.

महालकर
खूप उपकार. ताई, आमच्या तारखांत कार्तिकी पौर्णिमा येते, त्याचा काही त्रास?

कामठीची_ताई
त्रास आहे आणि भाग्यही. त्याच सुमारास लॉय क्राथोंग आणि यी पेंग असतं: नदीत दिवे, आकाशात कंदील. कंदिलांमुळे संध्याकाळची बरीच विमानं रद्द होतात किंवा वेळ बदलते, म्हणून येण्याजाण्याचं विमान त्या दिवसांत सकाळचंच घ्या. हॉटेल आत्ताच बुक करा, जुन्या शहराच्या था फे दरवाज्याच्या आतल्या बाजूला. तिथून रविवारचा बाजार पायी होतो आणि गर्दीत आईंना गाडी शोधत फिरावं लागणार नाही.