मदत हवी आहे: जिम न लावता एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला लढतीचा खेळ) कसं सुरू करावं? (नागपूर)

नवा_गडी:
वय 23, वजन 68 किलो, राहणं मानेवाड्याकडे. एमएमए जिमची फी सध्या झेपणार नाही. हाताशी काय आहे ते सांगतो: 14 बाय 20 फुटांची सिमेंटची गच्ची, माझ्याच वजनाचा एक मित्र आणि एकदाच खर्च करायला 5000 रुपये. धावणं आणि दंड-बैठका रोज चालू आहेत. आधी काय शिकावं, काय विकत घ्यावं? व्हिडिओ बघून गिलोटिन (समोरून मान काखेत धरून गळा आवळणं), हील हुक (टाच धरून पाय पिळणं) मित्रावर करून बघितले तर चालतील का?

लाल_माती:
हील हुक अजिबात नको. टाच पिळली की सगळा पीळ गुडघ्यावर जातो आणि दुखायला लागायच्या आत लिगामेंट फाटलेलं असतं. हात थोपटून हार मानायलाही वेळ मिळत नाही. गळा आवळण्याचे डावही शिकवणारा समोर असल्याशिवाय नकोत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध पडतो.

जिम नसली तरी चालेल भाऊ, पण माणसं लागतातच. उभ्यानं मारणं बऱ्यापैकी एकट्यानं शिकता येतं. पकड मात्र एकट्यानं येत नाही, आणि ती शिकायला नागपुरात आखाडे आहेत. महाल, इतवारीकडच्या जुन्या वस्तीत चौकशी करा, वस्तादांना भेटा आणि एमएमएसाठी शिकायचंय हे आधीच सांगा. लंगोट, टॉवेल आणि वेळेवर हजेरी, सुरुवातीला एवढंच लागतं. रितू फोगाट कुस्तीतून एमएमएत आली. 2024 मध्ये यूएफसीची (एमएमएची मोठी अमेरिकन स्पर्धा) लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला पूजा तोमर वूशूतून (चिनी मार्शल आर्ट) आली. आधी एक पाया पक्का करा, बाकीचं त्यावर चढतं.

गच्चीवर मित्राला उचलून टाकू नका. गादी अंथरली तरी नको, कारण कापसाची गादी फरशीवर सरकते आणि पाय तिच्यात अडकून घोटा मुरगळतो. पडायचं कसं ते आधी आखाड्याच्या मातीत शिका. उकिडवं बसून मागे लोळायचं, हनुवटी छातीला चिकटलेली, दोन्ही हात अंगापासून साधारण 45 अंशांवर, तळवे खाली, आणि पाठ टेकताक्षणी हात जमिनीवर आपटायचे. पडताना मागे हात टेकवायची सवय राहिली तर मनगट नाहीतर कोपर जातं. उकिडव्यानं जमलं की मगच उभ्यानं.

गार्ड_वर:
5000 चा हिशोब असा करा. साडेचार मीटरच्या हँडरॅपच्या (ग्लव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या) दोन जोड्या, 16 औंसाचे बॉक्सिंग ग्लव्हज, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड, अॅबडॉमिनल गार्ड (जांघेचं संरक्षण) आणि उड्या मारायची दोरी. दोरीच्या मध्यावर उभं राहिल्यावर मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. 4 औंसाचे एमएमए ग्लव्हज आत्ता घेऊ नका, त्यांनी मित्राचा चेहरा फुटेल.

उजवखोरे असाल तर डावा पाय पुढे, पाय खांद्याएवढे फाकलेले, मागची टाच किंचित उचललेली. पहिले चार आठवडे फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पावलं. 3 मिनिटांचा राउंड, 1 मिनिट विश्रांती, असे सहा राउंड. मोबाइल एका कडेला उभा करून स्वतःचं चित्रण करा. ठोसा परत येताना हात कमरेकडे पडतोय का तेवढंच त्यात बघायचं. नवख्याची ही चूक आरशात दिसत नाही, कारण आरशात बघताना माणूस सावध असतो.

मित्राबरोबर पहिले तीन महिने फक्त खांदे आणि पोट, तेही हलक्या हातानं. हेडगार्डच्या भरवशावर डोक्यात मारू नका. तो कातडी फाटण्यापासून वाचवतो, मेंदूला बसणारा हादरा थांबवत नाही.

नवा_गडी:
हील हुक रद्द. पंचिंग बॅग घरी शिवली तर? बारदानात वाळू भरणार होतो.

गार्ड_वर:
नुसती वाळू नको. ती तळाशी बसते, खालचा भाग दगडासारखा होतो आणि मनगट दुमडतं. बारदानही नको, त्यानं कातडी सोलते. जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घ्या. गांधीबाग किंवा जवळच्या शिंप्यांकडून चिंध्या आणा आणि चेन, बटणं, हूक काढून टाका. दर वीतभर थरानंतर दांड्यानं ठासा. तुमच्या वजनाला 30 किलोच्या आसपास बॅग पुरे. वजन कमी पडलं तर चार-पाच किलो वाळू दुहेरी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून मधोमध ठेवा, भोवती चिंध्या. महिन्याभरात भरण दबेल, तेव्हा वरून पुन्हा भरा.

पंख्याच्या हुकाला टांगू नका. झोके घेणारं वजन त्याला पेलत नाही.

सकाळची_पाळी:
उन्हाळ्याचं कुणी बोललं नाही. एप्रिल-मेमध्ये नागपूरची गच्ची रात्रीपर्यंत भट्टीसारखी असते, त्यामुळे संध्याकाळचा सराव टाळा. पहाटे साडेपाचला सुरू करून सातच्या आत आटपा, नंतर मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा पन्हं. सराव करताना अंगावर काटा आला, डोकं हलकं झालं किंवा घाम थांबला तर लगेच सावलीत, अंगावर पाणी आणि त्या दिवसाचा सराव बंद. माणूस बरळायला लागला तर थेट दवाखान्यात न्या.

आखाड्यातून आल्यावर आधी साबणानं अंघोळ. नखं कापलेली, टॉवेल स्वतःचा. गजकर्ण झालं तर दुकानातली स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. खाज थांबते, पण चट्टा आतून पसरतो. बरं होईपर्यंत कुणाशी धरायचं नाही.

लाल_माती:
एक राहिलं. कुस्तीच्या दोन सवयी एमएमएत महागात पडतात, म्हणून पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या. कुस्तीत पाठ लागू नये म्हणून माणूस पोटावर वळतो. एमएमएत तसं वळलं की समोरचा पाठीवर बसून मागून गळा धरतो. तिथे पाठीवर पडून पायांमध्ये त्याला अडवणं परवडतं.

दुसरी पट काढतानाची, म्हणजे खाली शिरून समोरच्याचा पाय धरून पाडतानाची. दुहेरी पट (दोन्ही पाय धरून) काढताना मान खाली घालून शिरलात तर गळा थेट त्याच्या काखेत जातो. मग तुमच्याच जोरानं गिलोटिन बसतं. नजर वर, पाठ सरळ, कान त्याच्या बरगडीला घट्ट चिकटलेला, आणि गुडघा त्याच्या दोन पायांच्या मध्ये. कान आणि बरगडीच्या मध्ये फट राहते का, ते मित्राला उभा करून बघा. जोर लावू नका, कुणाला पाडू नका, नुसतं शिरायचं आणि थांबायचं. दिवसाला पन्नास वेळा. एवढं गच्चीवर खुशाल करा.