रात्रीचा पाऊस आणि मागची माती

ए-३०४, रात्री ११.५२
उशिरा मेसेज टाकतेय, माफ करा. जोराचा पाऊस लागला की मला झोप लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची, पुण्यातल्या पुराची रात्र डोळ्यांसमोरून हलतच नाही. आंबिल ओढ्याचं पाणी गेटमधून आत शिरलं, लाइट गेलेली, आणि आम्ही जिन्यात टॉर्च धरून पार्किंगमधल्या स्कूटर तरंगताना बघत होतो. पाण्याला पेट्रोलचा वास येत होता. अजून मोठी सर आली की तोच वास नाकात येतो.
घरात जमेल तेवढं करते. ओला-सुका वेगळा, कापडी पिशव्या, एसी घेतला नाही. तरी मनात येतंच, माझ्या एका घराने काय होणार? लेक आठ वर्षांची आहे. परवा विचारत होती, "आई, मी मोठी झाल्यावर पण ओढा घरात येईल?" मला उत्तर सुचलं नाही. अजून कोणाला असं होतं का?

बी-१०१, रात्री ११.५९
ताई, आम्ही तळमजल्यावर. सोफ्यामागच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. आई जून लागला की कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकते ती दिवाळीलाच खाली काढते. होतं. सगळ्यांनाच होतं, बोलत कोणी नाही.

सी-५०२, रात्री १२.१४
मी तर पुराचे व्हिडिओ बघणंच बंद केलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच बघत बसायचो आणि सकाळी ऑफिसात डोकं चालायचं नाही. आता हवामान खात्याचा इशारा एकदा बघतो, बास.

बी-४०३, सकाळी ६.२०
ए-३०४ ताई, रात्रीचं आत्ता वाचलं. तुमची भीती खोटी नाही, हे आधी सांगतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतातल्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिप्पट झाल्याचं दिसलं.
पण त्या रात्रीचा दोष एकट्या आभाळाचा नव्हता. कात्रजकडून उतरणाऱ्या पाण्याला मुरायला माती उरली नव्हती आणि ओढ्याचं पात्र जागोजागी आवळलेलं होतं. आभाळ आपल्या हातात नाही. माती आहे, निदान आपल्या कंपाउंडातली.
म्हणून सोसायटीच्या मागच्या मातीवर पेव्हर ब्लॉक घालायचा जो ठराव रविवारच्या सभेत येतोय, त्याबद्दल बोलतो. ती पट्टी १२०० चौरस फूट आहे. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर ११ हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं, म्हणजे एक मोठा टँकर. आज त्यातलं बरंच मुरतं. ब्लॉक घातले की जवळपास सगळं उतारावरून गल्लीत, तिथून ओढ्यात. आपल्या गल्लीत अशा किती सोसायट्या आहेत ते मोजा. आपण प्रत्येकाने एक-एक टँकर ओढ्यात ओतायचा आणि मग ओढ्याला नावं ठेवायची?

ए-२०१ (सेक्रेटरी), सकाळी ७.०५
काका, तुमचा मुद्दा पटतो. पण गेल्या पावसाळ्यात त्याच चिखलात सी विंगच्या आजी घसरल्या. शिवाय तिथल्या खताच्या खड्ड्याच्या वासाच्या तक्रारी मलाच ऐकाव्या लागतात. ठराव हौसेने आणलेला नाही.

बी-१०१, सकाळी ७.११
वासाचं आम्हाला विचारा, खिडकी आमचीच आहे. गेल्या वर्षी नुसता ओला कचरा टाकत गेलो, म्हणून आतून सडला, अळ्या झाल्या. यंदा मी प्रत्येक बादलीवर तेवढीच वाळलेली पानं टाकतोय आणि आठवड्याला खालीवर करतोय. गेल्या महिन्यात खिडकी उघडी ठेवून जेवलोय. आत हात घाला, कोमट लागतं आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो. खत तिथेच झाडांना घालतो. ब्लॉक घातले तर घालायचं कुठे?

सी-५०२, सकाळी ७.२०
मग फक्त चालायची वाट फरशीची करू, तीन फूट रुंद. बाकी माती राहू दे. आणि गच्चीचं पाणी? सहा हजार चौरस फूट गच्ची आहे, पाइप सरळ रस्त्यावर सोडलाय.

बी-४०३, सकाळी ७.३१
बरोब्बर! तेवढ्याच पावसात गच्चीवरून ५५ हजार लिटर जातं. मागची बोअर आटलीच आहे. मध्ये वाळू-खडीची गाळणी बांधून ते पाणी बोअरमध्ये सोडता येईल. पावसाच्या आधी गच्ची धुवायची आणि पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं, एवढं पाळावं लागेल. प्लंबरकडून अंदाज घेतो.

ए-२०१ (सेक्रेटरी), सकाळी ७.४०
ठीक. ठरावात दुरुस्ती मांडा: तीन फुटांची वाट, दिवा आणि रेलिंग. आजींसाठी रेलिंग हवंच.

ए-३०४, सकाळी ८.०२
सगळ्यांचे मेसेज दोनदा वाचले. लेकीलाही वाचून दाखवले. तिने टँकरचं चित्र काढलंय, रविवारी सभेला आणणार म्हणते. काका, गाळणीच्या खर्चात माझी वर्गणी आधी धरा.

बी-१०१, सकाळी ८.०९
एक राहिलं. गेटजवळच्या चेंबरच्या जाळीवर काल रात्री पानांचा थर बसला होता, म्हणून पाणी तुंबलं. हाताने काढलं तेव्हा दहा मिनिटांत उतरलं. मोठा पाऊस लागला की दोघांनी मिळून एक फेरी मारायची का? एकट्याने रात्री नको. आज मी आहे.

ए-३०४, सकाळी ८.११
मी येते. टॉर्च आहे माझ्याकडे, आणि पाऊस लागला की जागीच असते.