बगॅस जाळावा की हरित द्रावकात शिजवावा?

निवळी : साखर कारखान्यात गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा चोथा, निघतो आणि त्यातला बहुतेक वाफ व वीज करण्यासाठी बॉयलरमध्ये जातो. सेल्युलोज (वनस्पतीचा धागा), हेमिसेल्युलोज (धाग्याभोवतीची शर्करांची साखळी) आणि लिग्निन (या दोन्हींना घट्ट बांधणारे द्रव्य) या तीन निरनिराळ्या गुणांच्या पदार्थांची एकाच भट्टीत राख करणे ही मला उधळपट्टी वाटते. ३०२ अंश सेल्सिअसला वितळणारे कोलीन क्लोराइड आणि १३३ अंशांना वितळणारा युरिया १:२ या रेणुप्रमाणात मिसळले की मिश्रण १२ अंशांनाच द्रवरूप होते, हे लेस्टर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवले. युरियाऐवजी लॅक्टिक आम्ल घेतल्यास असे हरित, म्हणजे निरुपद्रवी घटकांचे, द्रावक लिग्निन विरघळवते आणि सेल्युलोज बहुतांशी मागे ठेवते. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात, तर लॅक्टिक आम्ल साखर आंबवून मिळते. म्हणजे निम्मे द्रावक कारखान्याच्या आवारातच तयार होऊ शकेल.

चरखी : घटक निरुपद्रवी आहेत एवढ्याने प्रक्रिया हरित ठरत नाही. बगॅसमध्ये मुळातच निम्मे पाणी असते, आणि विरघळलेले लिग्निन साक्याच्या (तळाशी बसणाऱ्या घन गाळाच्या) रूपात वेगळे करण्यासाठी द्रावकात आणखी पाणी ओतावे लागते. हे पाणी उडवल्याखेरीज द्रावक पुन्हा कामाला येत नाही आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ती कोठून आणणार? बगॅस जाळूनच ना!

निवळी : पाणी आटवणे हे तर साखर कारखान्याचे रोजचे काम आहे. चार पात्रांच्या बाष्पीभवन संचात एका पात्रातील वाफ पुढच्या पात्राला तापवते, त्यामुळे एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडते, आणि गाळप हंगाम संपल्यावर हा संच कित्येक महिने रिकामाच असतो. शिवाय लायोसेल धाग्याच्या (लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज द्रावकात विरघळवून काढलेल्या धाग्याच्या) कारखान्यांत द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवतात, ते कसे?

तोडणी : लायोसेलचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे कच्चा माल म्हणून लिग्निन आधीच काढलेला स्वच्छ लगदा येतो. आपल्याकडे बगॅसबरोबर शेतातली मातीही येते. रसासाठी बांधलेल्या पात्रांत गरम आम्ल आणि क्लोराइड घालण्यास कोणताही चीफ इंजिनिअर तयार होणार नाही, कारण त्या जोडीपुढे साधे पोलाद गंजते आणि स्टेनलेस स्टीललाही भेगा पडू शकतात. याहून मोठी अडचण अशी की तापवल्यावर लॅक्टिक आम्ल आणि कोलीन यांचे आपसांत एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल गट जुळून बनणारे नवे संयुग) बनत जाते, म्हणजे पाणी उडवूनही हाती येते ते मूळ द्रावक नव्हेच. त्यापेक्षा पाणी मिसळलेल्या इथेनॉलने लिग्निन काढण्याची जुनी पद्धत बरी. ज्या कारखान्याला डिस्टिलरी आहे, तेथे हे द्रावक घरचेच आणि ऊर्ध्वपातनाची सोयही तयार.

निवळी : एस्टरचा मुद्दा मान्य आहे, माझ्या मांडणीतला तो खराच कच्चा दुवा आहे. परंतु इथेनॉलने हे काम करायचे तर साधारण १८० ते २०० अंश तापमान आणि ते पेलणारी दाबपात्रे लागतात, शिवाय ज्वलनशील वाफेचा धोका राहतो. पात्रांच्या खर्चाचा आक्षेप माझ्या द्रावकाला लावता, तर तोच हिशेब इथेनॉललाही लावा.

चरखी : लावू. मात्र त्या हिशेबात बॉयलरमधून वजा होणाऱ्या बगॅसमुळे ग्रिडला कमी जाणारी वीजही धरावी लागेल.