उडत्या बाईकला मर्यादा हव्यातच, नाहीतर ती गेममध्ये आणूच नका

रात्रपाळीचा_जीएम: आपल्या टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठीची कालची ती उडत्या बाईकची पोस्ट वाचून डोकं फिरलं. टॉप स्पीड ताशी ५०० किलोमीटर, आवाज शून्य, चार्ज कधी संपत नाही, गल्लीत काटकोनात वळते, आणि वर ‘सायन्स फिक्शन आहे, चालतं’ म्हणे. अरे ताशी ५०० ला ४५ अंश कलून वळलात तरी वळणाची त्रिज्या २ किलोमीटरच्या आसपास जाते! रस्त्यावर टायरची पकड असते, हवेत धरायला काही नाही, पंख्यांचा जोर तिरका करूनच वळायचं. तेच ताशी १०० ला ऐंशीएक मीटरात जमतं. म्हणजे पाठलागात स्पीड मारायचा की वळणासाठी राखायचा हे खेळणाऱ्याला ठरवावं लागतं, सीन तिथेच तयार होतो. सगळंच जमत असेल तर ठरवायचं काय?

फासेवाला: अंतराळजहाजं प्रकाशाच्या पुढे पळतात ते चालतं आणि न्यूटन फक्त बाईकला? अँटिग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षणच रद्द करणारं यंत्र, म्हण आणि मोकळा हो. आमचा एक जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) असाच होता, दर वळणाला कॅल्क्युलेटर, आणि माझं इतकं जपून वाढवलेलं कॅरेक्टर ‘बॅटरी संपली, पडलास’ म्हणून मारलं. चार्ज मोजतोय हे आधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

रात्रपाळीचा_जीएम: न सांगता मोजलं ही त्या जीएमची चूक, बॅटरीची नाही. अँटिग्रॅव्हिटी घे, पण तिचेही नियम सांग.

तिरका_पंखा: पंखे असतील तर हिशोब मांडते. बाईक अधिक माणूस ३०० किलो, पंख्यांचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर, तर नुसतं तरंगायला आदर्श स्थितीत ७२ किलोवॅट, प्रत्यक्षात १०० च्या घरात. त्यात १०० किलो आजची लिथियम बॅटरी धरली तरी पाव तासाच्या आत खाली. चित्रांत काढतात तसे चिमुकले पंखे लावले, क्षेत्रफळ पाव झालं, की पॉवर दुप्पट लागते. आणि मोठ्या पंख्यांचासुद्धा खाली जाणारा झोत ताशी १७५ किलोमीटरपर्यंत जातो, गल्लीत उतरलात की धूळ, पत्रे सगळं उडणार. आवाज शून्य कसला!

जुनी_खेळाडू: हिशोब ठीक, पण चार्ज लपवूनच मोजावा. काटा समोर आला की लोक कॅरेक्टर सोडून आकडे खेळतात, भीती उरतच नाही.

फासेवाला: म्हणजे माझं कॅरेक्टर मेलं ते बरोबर झालं? इतके सेशन त्या बाईकवर बसलेल्या पायलटला चार्ज किती उरलाय हे कळत नसेल? काटा त्याच्या डोळ्यासमोर असतो, तो माझ्यापासून लपवणं ही सरळ फसवणूक आहे.

जुनी_खेळाडू: फसवणूक वगैरे म्हणू नकोस, मीही टेबल चालवते. काटे बिघडतात, गोळी लागते. दाखवा काटा, पण तो खरंच बोलतोय याची हमी देऊ नका.

फासेवाला: बिघाड मला फाशांवर दिसला तर मान्य. जीएमच्या मनात झाला तर नाही.

तिरका_पंखा: बिघाड हवा असेल तर खरा घ्या ना. १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्यानं एचझेड-१ एरोसायकल उडवून बघितली होती. माणूस वर उभा, पायाखाली उलटसुलट फिरणारे दोन रोटर, अंग कलवून वळवायची. थोड्याशा ट्रेनिंगवर कुठलाही सैनिक चालवेल अशी कल्पना होती. रोटरची पाती एकमेकांवर आदळून अपघात झाले, प्रकल्प गुंडाळला. क्रिटिकल फेल, म्हणजे फाशांवर सगळ्यात वाईट आकडा, आला की पाती भिडली, झाला नियम.

फासेवाला: हे मात्र घेईन. चार्जची टोकन टेबलावर सगळ्यांसमोर, तरंगलं की एक, चढलं की दोन. वळणाचे तीन स्पीडचे तीन आकडे कार्डावर लिहून द्या, कॅल्क्युलेटर निघाला तर मी उठलो. आणि अँटिग्रॅव्हिटी माझ्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या कथेत) राहणार.

रात्रपाळीचा_जीएम: राहू दे. ती कशानं बंद पडते ते पहिल्या सेशनआधी सांग, मग मी खेळायला येतो.

जुनी_खेळाडू: आणि त्या झोताचं काय ठरलं? माझी हेर छपरावर गुपचूप उतरणार होती.